दशक उसना घ्यायचा नाही, मोडायचा

५२ मधून २७ वजा करायला सांगितले आणि उत्तर ३५ आले, की मुलाने काय केले ते लगेच ओळखू येते. एककात वर २, खाली ७. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, पाच. दशकात पाचातून दोन, तीन. दोन्ही वजाबाक्या अगदी बरोबर, उत्तर मात्र दहाने जास्त. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांची बारीक फोड करून दाखवली होती: मुले वाटेल तशी चुकत नाहीत, एखादा चुकीचा नियम प्रामाणिकपणे पाळतात. हा नियम त्यांना आपणच दिलेला असतो. पहिलीत 'मोठ्यातून लहान वजा करायचे' हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडते की तिसरीत खालचा ७ मोठा दिसला की मूल बिनदिक्कत त्यातूनच काढते.

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत दुसरी-तिसरीला ही वजाबाकी शिकवताना आम्ही आधी एक शब्द टाकून दिला: उसना. 'शेजारच्या दशकाकडून एक उसना घे' असे सांगितले की दोन घोटाळे होतात. उसने घेतलेले परत करायचे असते, इथे कोणीच काही परत करत नाही. शिवाय 'एक' घेतला म्हणायचे आणि दहा मिळवायचे, हे मुलाला पटत नाही. त्याऐवजी 'मोड' हा शब्द घरचा आहे. शंभराची नोट मोडणे, मोड नसणे, सुटे नसणे हे सगळे मुलांनी ऐकलेले असते. गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये चढले की कंडक्टरचे 'सुटे आसात?' ठरलेलेच. दशक मोडला, त्याचे दहा सुटे झाले. गणितात एककाला सुटे म्हणतात आणि खिशातल्या चिल्लरीलाही सुटे, याचा फायदा घ्यायलाच हवा.

साहित्य म्हणून सगळ्यात चांगला हीर. माडाच्या चुडताच्या, म्हणजे झावळीच्या, प्रत्येक पातीत मधोमध एक कडक काडी असते, तोच हीर, आणि एका चुडताला दोनशे-अडीचशे पाती असतात. सोलत बसायचे नसेल तर हिरांचा एक नवा खराटा विकत आणावा. हीर वाळलेलेच घ्यावेत. ओल्या हिराचे तुकडे वाळून बारीक होतात आणि घट्ट बांधलेला गठ्ठा आठवडाभरात सैल पडतो. बुंध्याकडचा जाड भाग आणि शेंड्याकडचा लवचीक भाग टाकून मधल्या भागाचे १० सेंमीचे तुकडे करायचे. अडकित्त्याने एका वेळी चार-पाच हीर नीट कापले जातात. कात्रीने ते चिरतात आणि चिरलेले टोक बोटात घुसते. कापल्यावर तुकडे गोणपाटात गुंडाळून दोन्ही हातांनी चोळले की कुसे निघून जातात.

दोघांच्या जोडीला ९९ काड्या द्यायच्या, एकही जास्त नाही. दोन अंकी वजाबाकीत वरची संख्या जास्तीत जास्त ९९ असते आणि दशक मोडायला बाहेरून काही आणावे लागत नाही, गठ्ठा सोडला की दहा सुट्या हातात येतात. वर्गात सोळा मुले असतील तर आठ डबे, ७९२ काड्या. एका हिराचे चार तुकडे धरले तर दोनशे हीर पुरतात.

चिंचोकेही चालतात, पण ते बांधता येत नाहीत. दहाची पुडी करावी लागते आणि पुडीच्या आत किती आहेत ते दिसत नाही. काजूच्या कच्च्या बिया वापरू नयेत, टरफलातले तेल कातडीला भाजते.

गठ्ठ्याला काय बांधायचे यात बराच वेळ गेला. सुतळीची गाठ मुलांना सोडता येत नाही, सोडली तर पुन्हा बांधता येत नाही, आणि सगळी तासिका गाठी सोडण्यात जाते. रबर बरे. फक्त पावसाळ्याच्या दमट हवेत रबर काही आठवड्यांत चिकट होतात आणि ताणले की तुटतात, म्हणून पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून लागतील तेवढेच काढायचे. रबराचे दोन वेढे पुरेत. मुले चार वेढे देतात, मग सोडताना काड्या उडतात.

मांडणीचा तक्ता म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ. उभ्या रेघेने दोन भाग, डावीकडे दशक, उजवीकडे एकक. तिसरीला आणखी एक रेघ, शतकाची. एवढ्या साध्या गोष्टीतही एक अडचण आहे, आणि ती पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. जोडीतली दोन मुले समोरासमोर बसली की एकाचा तक्ता उलटा होतो. त्याचे सुटे डावीकडे आणि गठ्ठे उजवीकडे येतात. तो ५२ ला २५ वाचतो आणि आपण त्याला संख्या वाचता येत नाही असे समजतो. जोडी शेजारीशेजारी बसवावी. शिक्षकाने टेबलावर मांडून दाखवायचे असेल तर मुलांकडे पाठ करून, नाहीतर त्यांच्या मध्ये जमिनीवर बसून.

तक्त्याच्या बाहेर प्रत्येक जोडीला एक करवंटी. वजा केलेल्या काड्या तिच्यात. ही करवंटी नसली तर काढलेल्या काड्या तक्त्याच्या कडेला पडतात, थोड्या वेळाने परत उरलेल्यांत मिसळतात, आणि उत्तर पुन्हा ५२ येते.

गठ्ठे बांधणे हे पूर्वतयारीचे काम समजून शिक्षकाने घरून बांधून आणू नये. पहिल्या तीन तासिका आम्ही फक्त बांधण्यात घालवतो. ३४ सुट्या काड्या द्यायच्या. मुलांनी दहा-दहा मोजून बांधायच्या आणि किती गठ्ठे, किती सुट्या ते सांगायचे. ज्या मुलाने स्वतः दहा मोजून रबर चढवला आहे तेच पुढे गठ्ठ्याकडे बघून न मोजता 'दहा' म्हणते. तयार गठ्ठा मिळालेले मूल त्याला एक जाड काडी समजते, आणि मग ५ गठ्ठे २ सुट्या म्हणजे सात वस्तू होतात. शंका आली तर एका गठ्ठ्यात मुद्दाम नऊ काड्या बांधून द्याव्यात. गठ्ठा हातात घेऊन 'बाई, हा बारीक आहे' म्हणणारे मूल पुढे जायला तयार आहे.

संख्यांच्या नावांचाही याच दिवसांत निकाल लावायचा. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, वीस मागून. त्यामुळे ऐकून लिहिणारी मुले ७२ लिहितात. आम्ही काही दिवस दोन्ही म्हणायला लावतो: 'दोन दशक सात, सत्तावीस'. एकोणतीस, एकोणचाळीस यांचा घोळ वेगळा. एकोणचाळीस ऐकून ४९ लिहिणारी मुले दर वर्षी भेटतात, कारण कानाला चाळीस ऐकू आले आणि नऊ असणार एवढे ठाऊक आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांना इथे एक आयती सोय आहे. 'उणें' हा त्यांचा रोजचा शब्द. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक उणा. चार गठ्ठे मांडायचे, एक गठ्ठा सोडून एक काडी करवंटीत टाकायची: 'कितलें उरलें?' तीन गठ्ठे, नऊ सुट्या. वजाबाकीचा धडा सुरू व्हायच्या आधीच पहिला दशक मोडून झालेला असतो, तोही संख्येच्या नावातून.

बिनमोडीच्या वजाबाक्या, म्हणजे ४७ − २३ सारख्या, एका तासिकेत उरकाव्यात. त्यात शिकण्यासारखी एकच गोष्ट असते, पण ती महत्त्वाची: तक्त्यावर फक्त वरची संख्या मांडायची. खालची संख्या चिठ्ठीवर लिहिलेली असते, काड्यांची नसते. पुष्कळ मुले सवयीने दोन्ही संख्या मांडतात, कारण बेरजेत तसे केलेले असते. मग ४७ मधून २३ काढायचे की मांडलेल्या २३ उचलायच्या, कळत नाही. कधी सगळे एकत्र करून ७० सांगतात. चिठ्ठी करवंटीच्या खाली ठेवली की प्रश्न सुटतो: करवंटीत एवढ्या जायला हव्यात.

खरे काम ५० − ३ पासून. ५२ − ७ घेण्याआधी ५० − ३ घ्यायचे, कारण तक्त्यावर एकही सुटी काडी नसते आणि मुलाला पळवाट राहत नाही. पाच गठ्ठे समोर, चिठ्ठीवर ३. बहुतेक जोड्या थोडा वेळ गप्प बसतात. इथे आपण तोंड उघडायचे नाही. कोणी तीन गठ्ठे करवंटीत टाकतो. त्याला एवढेच विचारायचे, 'करवंटीत किती काड्या गेल्या?' तो मोजतो, तीस होतात, परत काढतो. शेवटी कोणाचा तरी हात रबराकडे जातो. 'सोडू, बाई?' 'सोड.' दहा काड्या पसरतात. त्या दशकाच्या घरातच पडल्या तर थांबवायचे: सुट्या झाल्या, आता त्यांचे घर कुठले? उचलून एककात. हे उचलून ठेवणे चुकवू नये. वहीत ५ खोडून ४ आणि ० चे १० करणे म्हणजे हीच हातांची हालचाल लिहिणे, आणि जागा बदलली नाही तर लिहिण्याला आधार राहत नाही.

मग ५२ − ७. इथे मुले तीन वाटांनी जातात आणि तिन्ही बरोबर आहेत. एक जोडी आधी दोन सुट्या काढते, गठ्ठा सोडते, आणखी पाच काढते. दुसरी गठ्ठा सोडून बारा सुट्या करते, त्यातून सात मोजते. तिसरी सोडलेल्या दहातूनच सात काढते, उरलेल्या तीन आधीच्या दोनांत मिळवते. आम्हाला तिसरी वाट सगळ्यात आवडते. तिच्यात १२ − ७, १५ − ८ असली आकडेमोड पाठ लागत नाही. दहाच्या जोड्या पक्क्या असल्या की पुरे. दहातून सात तीन, तीन आणि दोन पाच. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या मुलांना ही वाट मुद्दाम दाखवावी. पण उभ्या मांडणीत लिहायला सुरुवात झाली की एक शिस्त लावावीच लागते: आधी मोड, मग काढ. पहिल्या वाटेने जाणारे मूल दोन काढून मग मोडते, तेव्हा तक्त्यावर बारा सुट्या कधी दिसतच नाहीत, आणि वहीतला १२ त्याच्या दृष्टीने कुठून तरी उपटतो.

५२ − २७ ला लिहिणे जोडायचे. जोडीतल्या एकाने हात चालवायचा, दुसऱ्याने पेन्सिल, आणि प्रत्येक उदाहरणाला अदलाबदल. नियम एकच: हाताने काही झाल्याशिवाय पेन्सिल हलायची नाही, आणि पेन्सिल हलल्याशिवाय पुढचा हात नाही. गठ्ठा उचलला, लिहिणाऱ्याने ५ वर रेघ मारून ४ लिहिला. दहा सुट्या एककात आल्या, २ वर रेघ मारून १२ लिहिले. २ च्या शेजारी बारीकसा १ चिकटवून १२ करायला देऊ नये. काही दिवसांनी तो १ पुसट होतो, कधी दशकाच्या घरात सरकतो, आणि मूल त्याला 'एक-दोन' वाचते. पूर्ण १२, नीट, वरच्या ओळीत. मग सात सुट्या करवंटीत, एककाखाली ५. दोन गठ्ठे करवंटीत, दशकाखाली २.

एकाने काड्यांचे सगळे करून घ्यायचे आणि मग दुसऱ्याने वहीत सोडवायचे, असे आम्ही सुरुवातीला करत होतो. वेळ वाचतो. पण वहीतली वजाबाकी काड्यांपासून तुटते, आणि तक्त्यावर २५ असताना वहीत ३५ लिहून मूल शांतपणे पुढच्या उदाहरणाला जाते. दोन उत्तरे वेगळी आली याचे त्याला काही वाटत नाही. त्याच्या लेखी तो काड्यांचा खेळ आणि ही शाळेची वजाबाकी.

दुसरा प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो. मूल पाचही गठ्ठे सोडते, ५२ सुट्या काड्यांचा ढीग करते, एकेक करून २७ बाजूला काढते आणि उरलेल्या मोजते. उत्तर २५, बरोबर. पण हे मूल पहिलीतच आहे. त्याला गठ्ठ्याचा भरवसा नाही. त्याला रागावून उपयोग नाही. बांधण्याच्या तासिकांकडे परत न्यायचे आणि मग सांगायचे: एका उदाहरणाला एकच रबर सोडायचा.

ताळा करवंटीतच असतो. करवंटीतल्या काड्या तक्त्यावर परत ओतायच्या. ५ आणि ७ सुट्या मिळून १२, दहा मोजून रबर चढवायचा, गठ्ठा दशकात. पाच गठ्ठे दोन सुट्या, सुरुवातीचे ५२ परत आले. बेरजेतला हातचा आणि वजाबाकीतली मोड एकाच रबराच्या दोन बाजू आहेत हे शब्दांनी समजावत बसायची गरज पडत नाही.

मोडीची सवय लागली की वेगळाच त्रास सुरू होतो. आठवडाभर मोडीचीच उदाहरणे दिली तर मुले ५८ − २३ मध्येही गठ्ठा सोडतात आणि एककात १८ − ३ = १५ लिहून अडकतात. त्यासाठी बारा चिठ्ठ्या कराव्यात, सहा मोडीच्या, सहा बिनमोडीच्या. सोडवायच्या नाहीत, फक्त दोन ढीग करायचे: मोडावा लागेल, लागणार नाही. एक-दोन चिठ्ठ्यांत दोन्ही एकक सारखेच ठेवावेत, ६४ − ३४ सारखे. खरी चर्चा तिथे होते.

तीन अंकी संख्यांना ९९ काड्या पुरत नाहीत. पण एकदा तरी खरा शतक डोळ्यांसमोर सुटायला हवा. आठ डब्यांतले ७२ गठ्ठे एकत्र केले, दहा-दहा गठ्ठे सुंभाने बांधले, की सात शेकडे तयार होतात, दोन गठ्ठे उरतात. ४०० − १५६ घ्यायचे. मोठा तक्ता जमिनीवर, चार शेकडे शतकाच्या घरात, बाकीची घरे रिकामी. सहा सुट्या हव्यात. एककात काही नाही, दशकातही काही नाही. मुले थेट शेकड्यावरून सुट्यांवर उडी मारायला बघतात. सुंभ सोडल्यावर मात्र हातात सुट्या येत नाहीत, दहा गठ्ठे येतात. ते दशकात ठेवायचे. त्यातला एक उचलून रबर सोडायचा, दहा सुट्या एककात. आता दशकाच्या घरात किती? मुले मोजतात: नऊ. वहीत मधल्या शून्यावर जो ९ लिहायचा असतो, जो वर्षानुवर्षे 'शून्याचे नऊ करायचे' म्हणून पाठ करवला जातो, तो तिथे जमिनीवर पडलेला असतो. दहा होते, एक मोडला, नऊ राहिले. इथे थांबून विचारायचे: 'मोडायच्या आधी चारशे होत्या. आता किती?' अर्धा वर्ग कमी झाल्या म्हणतो, काही जण वाढल्या म्हणतात. मोजू द्यावे. ३ शतक, ९ दशक, १० सुट्या, चारशेच. एवढे पटल्यावरच वजा करायचे: २४४.

जोड्यांच्या सरावासाठी पुठ्ठ्याचा संच. बाजारात डीन्स ब्लॉक म्हणून प्लास्टिकचे ठोकळे मिळतात (झोल्टन डीन्स हे मूळचे हंगेरीचे गणितज्ञ, १९१६ ते २०१४), एक सेंमीचा सुटा ठोकळा, दहाचा दांडा, शंभराची पाटी. चांगले असतात, पण प्रत्येक जोडीला पुरवणे महाग पडते. २२ बाय २८ इंची एका कार्डशीटमधून एक संच निघतो. सुटा चौकोन दीड सेंमीचा धरला तर दशकाची पट्टी १५ बाय दीड आणि शतकाची पाटी १५ बाय १५ सेंमीची होते. अशा बारा पाट्या शीटवर बसतात आणि कडेला उरलेल्या ११ सेंमीच्या पट्ट्यातून दशकाच्या पट्ट्या निघतात. एका जोडीला लागतात ९ पाट्या, १८ पट्ट्या, १८ चौकोन. अठरा यासाठी की मोडल्यावर एका घरात जास्तीत जास्त अठराच जमतात: आठ असताना नऊ काढायची वेळ आली तर. पाट्यांवर चौकोनांच्या रेघा आखायलाच हव्यात, नाहीतर पाटी नुसता पुठ्ठा. सुटे चौकोन दोन थर चिकटवून जाड करावेत. एकेरी असले की पंखा लावला की उडतात.

हिराचा गठ्ठा सोडता येतो, पट्टी सोडता येत नाही, ती बदलून घ्यावी लागते. म्हणून पट्ट्या काड्यांनंतरच. जोडीतला एक 'बँक' सांभाळतो: एक पट्टी जमा, दहा चौकोन मोजून बाहेर. चुका दोन ठिकाणी होतात. चौकोन घेतले पण पट्टी तक्त्यावरच राहिली, किंवा घाईत नऊच मोजले. दोन्हीवर तोच प्रश्न: मोडायच्या आधी किती, नंतर किती?

३०५ − १२८ पट्ट्यांवरच करावे, कारण यात लबाडीला जागा आहे. कोणी शतकातला एक मोडून सरळ एककात दहा आणतो, वरची ओळ २, ०, १५ अशी करतो, मग दशकात उलटे वजा करून १२७ लिहितो. त्याच्या तक्त्यावर नव्वदाचा हिशेब लागत नाही; एका पाटीच्या बदल्यात त्याने दहाच चौकोन घेतलेत. कोणी शून्याचे ९ करतो, ५ चे १५ करतो, पण ३ तसाच ठेवतो. उत्तर २७७, बरोबर शंभराने जास्त. बरोबर उत्तर १७७. वही तपासताना नुसती फुली मारू नये. १२७ आणि २७७ या दोन वेगवेगळ्या चुका आहेत, आणि दोघांना वेगळ्या ठिकाणी परत न्यायचे आहे.

खेळण्यातल्या नोटा त्याहून पुढच्या. दहाची नोट एकाच्या नाण्यापेक्षा दहा पट मोठी दिसत नाही, दहापण डोळ्यांना दिसत नाही, ते मानावे लागते. म्हणून शेवटी. फक्त १००, १० आणि १ ठेवायचे. ५००, ५०, २०, ५, २ काढून टाकायचे, नाहीतर मुले व्यवहारात हुशार निघतात आणि शंभराची मोड पन्नासाच्या दोन नोटांत घेतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा खेळ मांडला की उदाहरणे सुचवावी लागत नाहीत. मण्यांचा ॲबॅकस त्याच्याही नंतर, तिथे तर सगळे मणी सारखेच.

एक गोष्ट घरच्यांशी आधीच बोलून घ्यावी. जुन्या पिढीतली पुष्कळ माणसे वेगळ्या रीतीने वजा करतात: वरच्याला दहा, खालच्याला हातचा एक. ५२ − २७ मध्ये २ चे १२, खालच्या २ चे ३. बारातून सात पाच, पाचातून तीन दोन. वरचा ५ तसाच राहतो. आजी रात्री हे शिकवते, सकाळी शाळेत ५ खोडायचा असतो, आणि मूल दोन्ही एकदम करते: ५ चे ४ आणि खालच्या २ चे ३, उत्तर १५. वहीत पंधरा दिसले की घरी कोण शिकवते ते विचारावे. आजीची रीत चुकीची नाही, तिच्यामागचे चित्र वेगळे आहे. तिच्यासाठी दोन्ही संख्या मांडाव्या लागतात. वर पाच गठ्ठे दोन सुट्या, खाली दोन गठ्ठे सात सुट्या. दोघांतला फरक किती? आता वरच्याला दहा सुट्या द्या, खालच्याला एक गठ्ठा. दोघांना सारखेच मिळाले, फरक तोच. चौथीत हे दाखवले तर मुलांना मजा येते, आणि त्याच्या जोरावर १००० − ३६७ सुटते. दोघांतून एकेक काढला तर ९९९ − ३६६, एकही मोड नाही, ६३३. तिसरीत मात्र एकच रीत, आणि आजीला तसे सांगून ठेवायचे.

साहित्य कधी काढून घ्यायचे याची खूण मुलांच्या तोंडी मिळते. रबराला हात लावायच्या आधीच मूल 'चार गठ्ठे, बारा सुट्या' म्हणू लागले की तक्त्यावर रुमाल टाकायचा. काड्या आहेत, दिसत नाहीत. अडले तरच रुमाल उचलायचा. मग चित्र: गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला टिंब, शतकाला चौकोन. रेघ खोडून दहा टिंबे काढायची. तीनचार दिवसांत चित्र काढायचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच हवा असतो. सगळ्यांची काठी एकाच दिवशी काढून घेऊ नये. आम्हाला बांधण्यापासून ४०० − १५६ पर्यंत साधारण चौदा तासिका लागतात. काही मुलांचा रुमाल तरी दिवाळीच्या सुट्टीनंतरच पडतो.

एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असल्या तर हे सोपे होते. तिसरीने सोडलेल्या काड्या दुसरीने बांधायच्या. तासिका संपताना प्रत्येक डब्यात नऊ गठ्ठे नऊ सुट्या आहेत ना, ते दुसरीतले मूल बघते आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहिते. नऊ गठ्ठे पाच सुट्या भरल्या तर चार काड्या बाकाखाली असतात. आठच गठ्ठे आणि सुट्या नऊ असतील तर एक अख्खा गठ्ठा कोणाच्या तरी दप्तरात गेलेला असतो, आणि तो बहुधा दुसऱ्या दिवशी परत येतो.